वर्गात फळा एकच का असतो? : लिनक्स, डेस्कटॉप आणि आमची झेडपीची शाळा

आजचा भाग एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे झालाय.

पाथर्डी तालुक्यातले एक गुरुजी आपला पॉडकास्ट एसटीत बसून ऐकतात. त्यांच्या शाळेत सात जुने कॉम्प्युटर आहेत, सगळे विंडोज १० वाले. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११ काही त्या मशीनवर चढत नाही. कुणीतरी सांगितलं, लिनक्स टाका, फुकट आहे. गुरुजींनी डाउनलोडचं पान उघडलं, तर समोर यादी: जीनोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे. गुरुजींनी मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "यातलं कोणतं घेऊ? आणि हे मला का विचारतायत?"

त्याखाली आणखी एक ओळ होती. "सातवीत एक मुलगी आहे, तिला फार कमी दिसतं. तिलाही वापरता यायला हवं."

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण "मला का विचारतायत" यावर जगभरचे प्रोग्रामर तीस वर्षं भांडतायत. आणि मी स्वतः या प्रश्नावर एकदा चांगलाच आपटलोय, तेही आपल्याच जिल्ह्यात. ते सांगतोच, पण आधी थोडा इतिहास.

तुमच्या हातातल्या फोनपासून सुरू करू. तुमचा शाओमीचा, मैत्रिणीचा सॅमसंगचा. दोन्ही अँड्रॉइड. पण तिचा फोन हातात घेतला की सेटिंग शोधायला दोन मिनिटं जातातच. कारण आतलं इंजिन एक असलं, तरी वरची मांडामांड, म्हणजे आयकॉन कुठे, मेनू कसा, वरून खाली ओढलं की काय उघडतं, हे सगळं वेगळं आहे. कॉम्प्युटरवर या मांडामांडीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. विंडोजवाल्यांना हा शब्द माहीतच नसतो, कारण तिथे इंजिन आणि मांडामांड एकाच डब्यात येतात. लिनक्समध्ये मात्र वेगवेगळ्या.

हे असं का झालं? १९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम नावाची गोष्ट तयार झाली. युनिक्सच्या कॉम्प्युटरवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा. ती बनवणाऱ्यांनी ठरवून एक भूमिका घेतली: आम्ही पडद्यावर चौकोन काढायची सोय देऊ, पण त्या चौकोनाला बटण कुठे असावं, मेनू कसा दिसावा, हे आम्ही ठरवणार नाही. ज्याचं त्याने ठरवावं. इंजिनिअर म्हणून विचार केला तर सुंदर भूमिका आहे. कुणावर काही लादायचं नाही!

परिणाम काय, तर प्रत्येक कंपनीच्या युनिक्सचा चेहरा निराळा. सन, एचपी, आयबीएम या मंडळींना एकत्र बसून "चला, एकच चेहरा ठेवू" म्हणायला १९९३ उजाडलं. त्यातून सीडीई नावाचा डेस्कटॉप आला. पण दोनच वर्षांत, २४ ऑगस्ट १९९५ ला, विंडोज ९५ आलं, स्टार्ट बटणासकट, आणि घराघरातला कॉम्प्युटर म्हणजे ते बटण असं समीकरण झालं.

मग जर्मनीतल्या मॅथियस एट्रिश या विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ ला इंटरनेटवर आवाहन टाकलं की लिनक्ससाठी सामान्य माणसाला वापरता येईल असा पूर्ण डेस्कटॉप बनवूया. तेच केडीई. (तारीख बघितलीत? विंडोज १० चा सपोर्ट बरोबर त्याच तारखेला संपला. योगायोग आहे, पण मजेशीर आहे.) केडीई क्यूटी नावाच्या सॉफ्टवेअरवर उभं होतं आणि त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी दुसरा डेस्कटॉप सुरू केला, जीनोम. डेबियन नावाच्या लिनक्सने तर परवान्याच्या मुद्द्यावर केडीई आपल्याकडे ठेवायलाच नकार दिला. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आलं, तेव्हा ते दार उघडलं. तोवर मात्र दोन घरं झाली होती. भावकीत बांध पडला की तो नंतर कुणी काढत नाही, तसंच.

यातून वाट काढली उबंटूने. ऑक्टोबर २००४. एक सीडी, एक डेस्कटॉप, जीनोम. विचारणा नाही, यादी नाही. केडीई हवं असेल तर २००५ पासून कुबंटू नावाची वेगळी सीडी. आणि मंडळी, ती सीडी पोस्टाने फुकट घरी यायची! मी २००८ मध्ये मागवली होती. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात परदेशी शिक्क्याचं पाकीट आलं, तेव्हा पोस्टमनकाका स्वतः थांबले होते, आत काय आहे बघायला. त्याआधी एक वर्ष मी एमएस-सीआयटी केलं होतं. एमएस-सीआयटी म्हणजे एमकेसीएलचा कोर्स, दहावी झाल्यावर महाराष्ट्रात निम्म्या पोरांना घरचे ज्याला पाठवतात तो. त्यात मी शिकलो होतो की कॉम्प्युटर म्हणजे डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्ट. उबंटूत मेनू वर डावीकडे होता. मला तो शोधायला फार तर दहा सेकंद लागली असतील. पण त्या दहा सेकंदांत पोटात गोळा आला होता, हे अजून आठवतं. मी काहीतरी बिघडवलंय, असंच वाटलं.

डीफॉल्ट, म्हणजे न मागता समोर येतं ते. त्याचं महत्त्व त्या दहा सेकंदांत आहे. जाणकाराला ती दहा सेकंद म्हणजे काहीच नाही. नवख्याला तिथूनच परत फिरावंसं वाटतं.

आता माझी फजिती.

२०१२ ची दिवाळी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुण्यातल्या एका ऑफिसने काढून टाकलेले आठ कॉम्प्युटर आमच्या गावच्या झेडपीच्या शाळेला मिळाले होते. ५१२ एमबी रॅम. गुरुजी म्हणाले, तू कॉम्प्युटरचं शिकतोस ना, बसवून दे. मी तेव्हा लिनक्सच्या नादात पार बुडालेलो. स्वातंत्र्य, निवड, मोकळीक, हे शब्द माझ्या तोंडात सारखे असायचे. मी आठही मशीनवर डेबियन ६ टाकलं, आणि वर एक नाही, चार डेस्कटॉप: जीनोम, केडीई, एक्सएफसीई, एलएक्सडीई. लॉगिनच्या पडद्यावर खाली यादी, हवं ते निवडा. मला वाटलं, मी पोरांना केवढं जग उघडून देतोय!

झालं असं की सगळ्या पोरांचं खातं एकच होतं. त्यामुळे शेवटच्या पोराने जे निवडलं, तेच पुढच्याला उघडायचं. केडीई सगळ्यात झगमगीत, म्हणून पोरं तेच निवडायची, आणि ५१२ एमबीमध्ये ते रांगायचं. एका मशीनवर कुणीतरी एक्सएफसीईची पट्टी राइट क्लिक करून काढूनच टाकली. मग मेनू नाही, घड्याळ नाही, नुसता निळा पडदा. गुरुजींनी सोमवारी जे शिकवलं, ते मंगळवारी त्या मशीनवर नसायचं. महिनाभराने मी गेलो, तर आठही कॉम्प्युटरवर जुन्या साडीचे कव्हर शिवून घातलेले. वर खडूचे डबे.

मी समजावायला लागलो, की गुरुजी, यात निवड आहे, हे स्वातंत्र्य आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, वर्गात मी चार फळे लावले आणि म्हटलं, रोज कोणत्यावर लिहायचं ते पोरांनी ठरवा, तर मी शिकवू कधी?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण परतताना एसटीत ते वाक्य डोक्यातून जाईना.

तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. हाच प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच, पाच वर्षांपूर्वी, जगाच्या नजरेसमोर झाला होता. कर्जत तालुक्यात. आपल्या जिल्ह्यातलं कर्जत नव्हे हं, रायगडचं. तिथल्या खैराट नावाच्या लहानशा गावात एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना २००७ मध्ये हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या अमेरिकेतून सुरू झालेल्या प्रकल्पाचा हा भारतातला पहिला प्रयोग. आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा प्रकल्प नाकारला होता, आणि तरी खैराटला ते लॅपटॉप पोचले. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्याचा गाजावाजा होता. प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या जवळ गेली. पण यंत्र भारी होतं, उन्हात बसूनही पडदा वाचता यायचा.

आत लिनक्सच होतं, फेडोरावर आधारलेलं. डेस्कटॉप मात्र शुगर नावाचा, खास मुलांसाठी घडवलेला. त्यात फाइल नाही, फोल्डर नाही. मधोमध मुलाची आकृती आणि भोवती गोलात 'ॲक्टिव्हिटी'. केलेलं काम आपोआप एका रोजनिशीत जमा होतं. शेजारची मुलं काय करतायत ते 'शेजार' नावाच्या पडद्यावर दिसतं. म्हणजे बनवणाऱ्यांनी डीफॉल्ट तर दिलाच होता, पण तो ऑफिसमधल्या टेबलाची नक्कल नव्हता. सात वर्षांच्या पोराने फाइल आणि कचऱ्याची पेटी का शिकावी, असा त्यांचा सवाल होता. मला तो आजही पटतो.

पण जगभरातून दुसरा सवाल आला: पोरं पुढे नोकरीला जातील तिथे हे असणार आहे का? सरकारांना विंडोज हवं होतं. मे २००८ मध्ये प्रकल्पाने मायक्रोसॉफ्टशी करार करून त्याच लॅपटॉपवर विंडोज एक्सपीची सोय जाहीर केली. शुगरमागचे प्रमुख वॉल्टर बेंडर एप्रिलमध्येच बाहेर पडले होते; त्यांनी शुगर लॅब्ज ही स्वतंत्र संस्था काढली. आणि पुढच्या लॅपटॉपवर काय आलं माहितीये? शुगरसोबत जीनोम. दोन्ही. बदलायचं एक बटण.

आमच्याकडे आई-वडिलांचं काही वेगळं नाही. माझ्या आईने उबंटू बघून विचारलं होतं, "हे परीक्षेत येतं का?" तिचं चुकत नव्हतं. सरकारी नोकरीच्या अर्जात एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट मागतात, तिथे स्टार्ट बटण येणं हीच पात्रता. म्हणजे महाराष्ट्राचा खरा डीफॉल्ट डेस्कटॉप कुठल्या प्रोग्रामरने ठरवला नाही, एका कोर्सने ठरवला.

अर्थात डीफॉल्टचं राज्य असलं की त्याचा जाचही असतो. २०११ च्या एप्रिलमध्ये जीनोमने आपला चेहरा पार बदलला, त्याच महिन्यात उबंटूने युनिटी आणलं, आणि २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं, स्टार्ट बटण गायब करून. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याची तेव्हा चांदी झाली. नवा लॅपटॉप घेऊन माणूस दुकानातून बाहेर पडायचा आणि दुसऱ्या दिवशी परत: "सेव्हन टाकून द्या." विंडोजवाल्यांच्या हातात त्यापलीकडे फारसं काही नव्हतं. स्टार्ट मेनू धड परत यायला जुलै २०१५, म्हणजे विंडोज १० उजाडावं लागलं. लिनक्समध्ये काय झालं? ज्यांना जुनं जीनोम हवं होतं, त्यांनी ते उचलून माटे नावाने जिवंत ठेवलं. लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन घडवलं. ती यादी, जी बघून आपले गुरुजी वैतागले, ती अशा रुसव्या-फुगव्यांतून वाढलीय. यादी चुकीची नाही. ती पहिल्याच पायरीवर ठेवणं चुकीचं.

उलट्या टोकालाही लोक आहेत. फ्रीबीएसडी ही १९९३ पासूनची ऑपरेटिंग सिस्टिम, नेटफ्लिक्स तुम्हाला सिनेमे पाठवायला तीच वापरतं. ती टाकली की काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ, बस. त्यांचं म्हणणं, सर्व्हरला चेहरा कशाला? खरंय की. डेटा सेंटरमधल्या कपाटात कोण बघायला बसलंय? पण तीच सिस्टिम लॅपटॉपवर चालावी असं वाटायला लागलं, तसं त्यांनीही इन्स्टॉलरमध्येच केडीईचा पर्याय द्यायचं काम हाती घेतलं.

आता मराठीचं बोलू, कारण डीफॉल्टचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथे दिसतो. जीनोम २ आलं २००२ मध्ये, आणि त्यात पँगो नावाचा भाग होता, जो देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवून दाखवायचा. इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी भारतीय भाषांत डेस्कटॉप आणायचं काम सुरू केलं, पुढे पुण्यात रेड हॅटच्या ऑफिसातून मराठी भाषांतरं झाली, त्यांनीच लोहित नावाचे फाँट मोकळे केले. हे हात किती? मोजके. एका डेस्कटॉपमध्ये भाषांतर करायची वाक्यं हजारोंनी असतात. एवढ्या थोड्या माणसांनी आधी कोणता डेस्कटॉप मराठीत आणायचा? जो जास्त लोकांसमोर न मागता उघडतो, तो. (आणि फाँटचं म्हणाल, तर 'ॲप'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ ला. त्याआधी हे अक्षर धडपणे साठवायची सोयच नव्हती.) सरकारचं स्वतःचं लिनक्स, सी-डॅकने २००७ मध्ये आणलेलं बॉस, तेही डेबियनवर उभं होतं आणि जीनोमच दाखवायचं.

हल्लीचं उदाहरण माया. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये इंटरनेट जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी ही उबंटूवर आधारलेली सिस्टिम आणायचं ठरवलं, तेव्हा बातम्यांत एक गोष्ट ठळक होती: ती दिसायला विंडोजसारखीच ठेवलीय. आपलं अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं, सांभाळून घ्या) लष्कराचं गाव. भिंगारच्या छावणीत वाढलेल्या कुणालाही कळेल का ते. हजारो माणसांना बसवून नवा मेनू शिकवायला वेळ कुणाकडे आहे?

मी शाळेत परत गेलो डिसेंबरात. आठही मशीन पुसली. एकच डेस्कटॉप ठेवला, तेव्हाचं साधं जीनोम, मराठीत. पट्टी हलणार नाही असं कुलूप घातलं. प्रत्येक पोराला वेगळं खातं. कीबोर्डवर इनस्क्रिप्टचे स्टिकर. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, पोरांनी आठवड्यात उचललं. मेनूतले काही मराठी शब्द फार पुस्तकी होते, गुरुजी हसले, पण फळ्यावर लिहिलेलं आणि पडद्यावर दिसलेलं एकच होतं. बाकीचे डेस्कटॉप कसे टाकायचे ते मी एका कागदावर लिहून कपाटात ठेवलं. आठवीच्या एका पोराने दोन वर्षांनी तो कागद शोधून काढला आणि एका मशीनवर एक्सएफसीई टाकलं, न विचारता. मला त्याचा फार आनंद झाला होता, गुरुजींना कमी.

आता त्या मुलीकडे येतो, जिला कमी दिसतं.

डेबियनमध्ये याच डीफॉल्टवरून मोठा खल झालाय. २०१२ मध्ये जीनोम पहिल्या सीडीत मावेना म्हणून डीफॉल्ट एक्सएफसीई करायचं ठरलं, मग ते फिरलं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा एक्सएफसीई. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये जोई हेस यांनी पुन्हा जीनोम केलं. त्यांनी दिलेल्या कारणांत ठळक कारण होतं ॲक्सेसिबिलिटी. म्हणजे ज्याला दिसत नाही, त्याला पडदा वाचून दाखवायची सोय. ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर जीनोममध्ये मुरलेला होता, एक्सएफसीईची तेवढी तयारी नव्हती.

या भांडणाचा मी कॉलेजात असताना हलकेपणा मानायचो. वॉलपेपरवरून भांडतायत, असं. पण विचार करा, डोळ्यांनी धड दिसणारा माणूस चुकीच्या डेस्कटॉपवरून बरोबरवर जाऊ शकतो. ज्याला दिसत नाही, तो चुकीच्या डेस्कटॉपवर बसला, तर बदलायचं बटण तरी कसं शोधणार? त्याच्यासाठी जे पहिल्यांदा उघडतं तेच सगळं. म्हणून "डीफॉल्ट नको, निवडू दे लोकांना" असं कुणी म्हटलं की मी हल्ली विचारतो, कोणाला निवडू दे?

तर गुरुजी, ऐकताय ना? यादीकडे बघू नका. तुमच्या मशीनवर ४ जीबी रॅम आहे असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्यात डेबियन १३ जीनोमसकट चालेल, जरा सावकाश चालेल. हलकं एक्सएफसीई घेतलं असतं, पण वर्गातली ती मुलगी आहे, म्हणून जीनोम, आणि सातही मशीनवर तेच. ऑर्का सुरू करायला विंडोजचं चिन्ह असलेलं बटण, ऑल्ट आणि एस, तिन्ही एकदम. मराठी आवाज यंत्रासारखा आहे, पहिले दोन दिवस पोरं हसतील. एक बरा हेडफोन लागेल, तो मी आणतो. स्टिकरही आहेत माझ्याकडे, २०१२ चे उरलेले. रविवारी सकाळच्या पाथर्डी गाडीने येतो. स्टँडवर कुणाला तरी पाठवा.